बरणीला दाखवलेलं ऊन

ओल मला सहन होत नाही. गणपती पाण्यात गेले, आभाळ निवळलं आणि भाद्रपदातलं ते पाठ भाजणारं ऊन पडलं, की मी घरातली एकूण एक वस्तू उचलून गच्चीवर नेते. गोधड्या, उशा, तुरीची डाळ, हुलगे, मिरचीपूड, लोणच्याची बरणी. आमच्याकडं याला ऊन दाखवणं म्हणतात. पाहुण्याला घर दाखवावं तसं डाळीला ऊन दाखवायचं. कुबटलेलं, कोंदटलेलं, किड्याच्या वाटेवर असलेलं जे काय असेल ते दोन दिवस उन्हात ठेवलं की सुधारतं. माणसांनाही ठेवावं असं माझं मत आहे, पण माणसं ऐकत नाहीत.

आज सकाळी शिरूरच्या या भाड्याच्या घराच्या उघड्या जिन्यावरून मी दोन फेऱ्या केल्या. दुसऱ्या फेरीत गोधडीच्या घडीत एक वस्तू लपवून नेली. चोरासारखी. या वयात, स्वतःच्या घरात! काय नेलं ते सांगते, पण त्याआधी मला जरा तोंड सोडू द्या.

टेरेरियम. नाव ऐकून मला आधी डास मारायचं औषध वाटलं होतं. काचेची बाटली घ्यायची, तळाशी खडी, वर कोळशाचा चुरा, वर मूठभर माती, त्याच्यावर शेवाळ आणि बोटभर झाड. चार थेंब पाणी शिंपडायचं आणि झाकण लावायचं. झाली बाग! पुढं त्याला पाणी नको, खत नको, निंदणी नको, मालक नको. आतली ओल काचेला धरते, काचेवरून ओघळून मातीत उतरते आणि परत वर चढते. मी घोडनदीच्या काठच्या शेतकऱ्याची लेक. आमच्याकडं कॅनॉलला पाणी सुटलं की माणसं भरल्या ताटावरून उठून पिकाला दारं धरायला, पाणी पाजायला पळतात. ज्याला माणसाची गरजच नाही, त्याला झाड म्हणायचं म्हणजे झाडाचा अपमान.

पुण्याला एकदा लेकीनं मला अशा बाटल्यांचं दुकान दाखवलं. बाटल्यांत प्लॅस्टिकचं हरण, प्लॅस्टिकचं बाकडं, प्लॅस्टिकची छत्री. लोक कौतुकानं वाकून बघत होते. ज्यांनी जन्मात एक वाफा ओढला नाही ते बाटलीला नाक लावून म्हणत होते, किती शांत वाटतं ना! शांत वाटायला काय झालं? आत किडा नाही, तण नाही, शेजाऱ्याची शेळी नाही.

आणि हा उद्योग आमच्या घरात आणला आमच्या मुकादमांनी. मुकादम म्हणजे माझे यजमान. दौंडला रेल्वेत रुळांवर कामाला लागले आणि गँगचे मुकादम होऊन निवृत्त झाले. सगळी कॉलनी त्यांना मुकादम म्हणायची, आणि चिडले की मीही म्हणते. म्हणजे रोजच.

गेल्या वर्षीचा श्रावण आम्ही दौंडच्या क्वार्टरमध्ये काढला, शेवटचा. नोकरी संपली की ठरल्या मुदतीत क्वार्टर सोडायचं, हा तिथला नियम. त्यात रडण्यासारखं काही नाही. घर कधीच आपलं नसतं, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. पण माणूस मूर्ख असतो. मी त्या अंगणात कढीपत्ता लावला, पेरू लावला, जास्वंद लावली, गवती चहाचं बेट केलं, नळाच्या सांडपाण्यावर अळू वाढवलं. अठ्ठावीस वर्षं. यार्डात गाडीच्या डब्यांची जोडाजोड करताना दणके बसायचे, त्यानं पेरूवरचे पोपट उडायचे. सकाळची पुण्याची गाडी भोंगा द्यायची तेव्हा माझी दुसरी बादली भरलेली असायची. कपडे वाळत घातले की त्यांवर तांबूस धूळ बसायची. ती झटकत मी रेल्वेला रोज शिव्या घालायची.

भिंतीपलीकडं, रेल्वेच्या हद्दीबाहेर, लताबाई राहायच्या. पोस्टात नोकरीला. चौदा एप्रिलच्या जयंतीची खीर आधी आमच्या घरी यायची आणि आमच्या फराळातल्या चकल्या आधी त्यांच्याकडं जायच्या. त्या एक दिवस भिंतीवरून म्हणाल्या, "ताई, कढीपत्त्याची दोनचार रोपं तरी काढून घिऊन जावा. बुडाशी लई उगवलीत."

"नको," मी म्हणाले. "सरकारी जागेतलं सरकारला."

"अवो, पन लावलं तर तुमीच ना?"

"लावलं म्हणून काय झालं?"

माझा आवाज चढला तशा त्या भिंतीआड झाल्या. मला सगळ्यांचाच राग येत होता. नियमाचा, मुदतीचा, झाडांचा. झाडांचा तर जास्तच. मेली निवांत फुलत होती.

त्या नळाखालचं सांगायचं राहिलं. अंगणातला नळ जरा टिपकायचा आणि त्याच्या खालच्या फरशीवर शेवाळ धरायचं. शेवाळासारखी हलकट जात नाही. दिसायला मऊ, आणि पाय पडला की मणका मोडणार. दर शनिवारी ब्लीचिंग पावडर टाकून मी तारेच्या घासणीनं ती फरशी खरवडायची. अठ्ठावीस वर्षांत मी त्या नळाखाली शेवाळ टिकू दिलं नाही. त्या श्रावणात मात्र घासणी कोपऱ्यात टाकली. आता कुणासाठी घासायचं? येईल त्याची बायको घासेल.

पंधरा दिवसांत तिथं असं हिरवं झालं की विचारू नका. जाड, ओलं, दाट. कडेला नेच्याची दोन पानं वळवळत वर आली. ऊन-पावसाचा खेळ चालायचा, मधेच एक किरण पेरूतून खाली यायचा आणि ते शेवाळ आतून दिवा लावल्यासारखं दिसायचं. मी तिकडं पाठ करून भांडी घासायची. मुकादम पायरीवर चहा घेऊन बसायचे आणि टक लावून बघायचे.

"काय बघताय एवढं?"

"कसं बसलंय बघ की. गच्च."

"तुम्हीपण तसेच बसलाय. उठा, पोती भरायचीत."

त्याच महिन्यात पल्लवी, आमची लेक, सुट्टीला आली. ती शिरूरजवळच्या एका कंपनीत ऑफिसात आहे. तिच्याजवळ राहायचं म्हणूनच आम्ही शिरूरला घर बघितलं होतं. बापाचं मन कुठं लागेना हे बघून तिनं त्याला मोबाईलवर बाटलीतल्या बागेचा व्हिडिओ लावून दिला. त्यातली बाई चिमट्यानं शेवाळ उचलत होती. नखं रंगवलेली, मातीचा कण नाही. गोड आवाजात सांगत होती, ड्रेनेज लेयर, चारकोल लेयर. मी म्हणाले, हिला आमच्या वांग्याच्या वाफ्यात सोडा एक दिवस.

पण मुकादम उठून बसले. निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत कामाला निघाल्यासारखं काहीतरी दिसलं.

"पोरी, हे तर आमचंच काम हाय," ते म्हणाले. "रुळाखाली आन् झाडाखाली एकच कायदा. खाली खडी पाहिजे, पाणी थांबता कामा न्हाई. पाणी थांबलं की रूळ बसला."

झालं! काम नाही कवडीचं आणि फुरसत नाही घडीची. जामच्या बाटल्या, कॉफीच्या बाटल्या, पल्लवीच्या लहानपणीची दुधाची बाटलीसुद्धा निघाली. खडी अंगणातली, हातोडीनं फोडून हरभऱ्याएवढी केलेली. कोळसा इस्त्रीवाल्याकडून. माती चाळणीनं चाळलेली, आणि चाळणी माझी, रव्याची! मोडक्या छत्रीची काडी घेतली, तिला चमचा बांधला आणि बाटलीत खुपसून माती दाबत बसले. ज्या माणसानं भर वैशाखात पहारीनं रूळ सरकवले, तो माणूस श्वास रोखून चमच्याएवढं शेवाळ बाटलीत सोडत होता. मला कीव यावी की हसू यावं ते कळेना. मी हसले. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवलं, या, बघा, आमच्या मुकादमांनी नवी लाईन टाकलीय. लोक हसले. तेही हसले. एवढंच की दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाटल्या मागच्या पडवीत नेल्या.

सामान न्यायला टेम्पो आला तो दिवस श्रावणातला शेवटचा सोमवार होता. मी ठरवलं होतं, मागं वळून बघायचं नाही. पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले, समोरच्या काचेवर लावलेल्या लिंबू-मिरचीकडं बघत. मुकादम म्हणाले, "नळ टिपकतोय का बघून येतो." आणि गेले ते गेलेच. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न मारला. मी ओरडले, "नळाला निरोप द्यायला गेलात का?" शेवटी आले. गुडघ्यावर पँट भिजलेली आणि हातात ड्यूटीवर न्यायचा स्टीलचा डबा.

"नळ बंद करायला डबा लागतो व्हय?"

ते वर चढले. डबा मांडीवर घेऊन बसले. चौफुला येईपर्यंत मी त्यांची अक्कल काढत होते आणि ते डब्याच्या झाकणावर तळहात ठेवून रस्ता बघत होते.

शिरूरच्या घरात अंगण नाही. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली फरशी, पुढं रस्ता. मुकादमांनी तिसऱ्या दिवशी माझी लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी मागितली. लोणच्याची बरणी! मी दिली, पण देताना इतकं बोलले की दुसरा कुणी असता तर बरणी माझ्याच डोक्यात घातली असती. त्यांनी ती भरली आणि स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीत ठेवली, जिथं ऊन येत नाही. सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत भिकार. बाकीच्या बाटल्यांत निदान काहीतरी झाडासारखं होतं. यात नुसतं शेवाळ आणि कडेला नेच्याचं पान. रोज सकाळी ते रुमालानं तिची काच पुसायचे आणि समोर स्टूल टाकून चहा प्यायचे.

आठवड्यानं लताबाईंचा फोन आला. आमची ती क्वार्टरची जुनी लाईन पाडायचीच होती म्हणे, आम्ही शेवटचे होतो. "सकाळी जेसीबी आला ताई, दुपारपातूर सपाट. कढीपत्तापन गेला. मला न्हाई बघवलं वो, मी आत निघून आले."

"बरं झालं," मी म्हणाले. "जुनाटच झालं होतं सगळं." फोन ठेवला आणि घासलेली कढई परत घासायला घेतली. मला रडू आलं आणि त्या रडण्याचा राग आला. जेवताना मुकादमांना सांगितलं, पाडलं म्हणून. त्यांचा घास हातात थांबला. त्यांनी खिडकीतल्या बरणीकडं बघितलं आणि मग खाली मान घालून जेवले. मी मनात म्हणाले, काय दगड आहे हा माणूस! घर गेलं आणि हा बाटली बघतोय.

आणि मग असंच भाद्रपदातलं ऊन पडलं.

मुकादम बाजारात गेले होते. मी गोधड्या नेल्या, डाळी नेल्या. परत येऊन बघते तर बरणीची काच आतून पार धुकटलेली, थेंब ओघळतायत. घुसमटल्यासारखी दिसत होती ती. खरं सांगते, मला त्या बरणीची पहिल्यांदाच दया आली. म्हटलं, बिचारी कधीपासून अंधारात ओलीच बसलीय. हिलाही जरा ऊन दाखवू, मोकळं वाटेल. आपल्याला एवढं कळतं, त्या रंगवलेल्या नखांच्या बाईला काय कळणार? मुंग्या जाऊ नयेत म्हणून झाकण आणखी घट्ट केलं आणि ठेवली डाळीशेजारी, भर उन्हात.

दुपारी वर गेले तेव्हा काच हाताला लागू देत नव्हती. आत सगळं काळपट तपकिरी, बसलेलं. झाकण उघडलं आणि उकडलेल्या पालेभाजीचा वास आला. मी झाकण लावून ते शिजवलं होतं! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. म्हटलं, ते यायच्या आत निस्तरावं. गच्चीवरच्या टाकीमागं, जिथं भरलेल्या टाकीचं पाणी टिपकतं, तिथं मी सगळं उपडं केलं. बरणी धुतली, पालथी घातली.

मुकादम आले. हातात कोथिंबिरीची जुडी. त्यांनी खिडकी बघितली, मग ओट्यावरची पालथी बरणी बघितली.

मी आधीच आवाज चढवला. "उन्हात ठेवली होती. करपलं. त्यात काय एवढं? शेवाळच ते. माझ्या माहेरच्या विहिरीवर ढीग पडलाय, उद्या पोतंभर आणून देते."

ते स्टुलावर बसले. बराच वेळ कोथिंबिरीचा दोरा सोडवत राहिले.

"ते आपल्या नळाखालचं व्हतं," ते म्हणाले.

"कुठल्या नळाखालचं?" मी विचारलं, पण मला कळलं होतं. तो डबा, तो भिजलेला गुडघा, सगळं एकदम कळलं होतं.

"क्वार्टरच्या. तू काईच घिऊ दिलं न्हाईस. कढीपत्ता न्हाई, जास्वंद न्हाई. म्हनलं, शेवाळाला तरी न्हाई म्हननार न्हाईस. तू ते झाडात धरतच न्हाईस."

एवढंच. ओरडले असते तर मी उलट ओरडले असते, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण ते उठले, कोथिंबीर निवडून ठेवली आणि हात धुऊन बाहेर जाऊन बसले. मी माफी मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही, म्हणजे मी ती पडू दिलेली नाही. त्यानंतर मुकादमांनी एकही बाटली भरली नाही. होत्या त्या पल्लवीनं ऑफिसात वाटल्या. तिथल्या पोरी म्हणाल्या, किती क्यूट! बरणी फळीवर गेली. मी तिच्यात परत लोणचं घालायला धजले नाही.

जगाला नावं ठेवण्यात माझा जन्म गेला. व्हिडिओतली बाई, दुकानातले लोक, बाटलीत नाक घालणारे, सगळ्यांची अक्कल मी काढली. पण अठ्ठावीस वर्षांच्या घरातून एकच हिरवी गोष्ट वाचली होती. ती वाचवली माझ्या नवऱ्यानं, गुडघे टेकून, माझ्यासाठी. आणि ती मारली मी. माझ्याइतकी शहाणी बाई शोधून सापडायची नाही.

यंदा श्रावणात मी टाकीमागं बादली ठेवायला गेले आणि थांबले. जिथं बरणी उपडी केली होती तिथं, टिपकणाऱ्या पाण्याखाली, परातीएवढं हिरवं झालं होतं. बाकी गच्ची कोरडी ठणठणीत. आमच्या नळाखालचं परत आलं की शिरूरचंच कुठून वाऱ्यानं आलं, देव जाणे. शेवाळ काही गाव सांगत नाही. नेच्याचं पान तरी नाही, मी रोज शोधलं. पण मी घासणी आणली नाही. पाऊस दडी मारून बसला तेव्हा तांब्यानं पाणी घातलं, घरातल्या कुणाला न सांगता. मुकादमांना तर नाहीच. जन्मभर रूळ तुडवून त्यांचे गुडघे गेलेत, ते गच्चीचा जिना चढत नाहीत. घरमालकाची सून एकदा म्हणाली, "काकू, टाकीजवळ लई घसरडं झालंय. ब्लीचिंग टाकते." मी म्हणाले, "हात लावशील तर याद राख." ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

तर आज गोधडीच्या घडीत मी नेली ती ही बरणी. टाकीच्या सावलीत बसले. आधी खडी, धुतलेली. मग कोळसा, इस्त्रीवाल्याकडून आणलेला. मग माती, रव्याच्या चाळणीनं चाळलेली. हसता हसता मी सगळं किती नीट बघून ठेवलं होतं, ते मला आजच कळलं. उलथन्यानं शेवाळ सुटं केलं, हातात घेतलं. गार होतं. मऊ होतं. मी ते आयुष्यात पहिल्यांदा बिनघासणीचं हातात धरलं. चार थेंब शिंपडले आणि झाकण लावलं.

जिन्यात ऊन आलं होतं. डाळ, हुलगे, गोधड्या सगळं वर उन्हात सोडून मी बरणी पोटाशी धरली, वरून पदर घेतला आणि एकेक पायरी उतरू लागले. खाली मुकादम दारात उभे होते.

"काय आनतीस गं पदराखाली?"

"काय न्हाई," मी म्हणाले. "जराशी ओल हाय." आणि बरणीवरचा पदर आणखी पुढं ओढून घेतला.